सहाव्या वर्षीची दाढ
(प्रस्तावना)

मूल पहिलीत जायला लागतं, त्याच सुमारास त्याच्या तोंडात एक नवी दाढ येते. दुधाच्या शेवटच्या दाढेच्याही मागे, एकही दात न पडता ती वर येते. पुढचा दात हलला, पडला, की घरभर चर्चा होते. पडलेला दात छपरावर टाकला जातो, बोळकं दाखवत मूल गल्लीभर फिरून येतं. या दाढेची मात्र कुणाला खबरही नसते, आणि दिसलीच तर घरचे तिला दुधाची समजतात. खरं म्हणजे ती पहिली कायमची दाढ. ती गेली तर तिच्या जागी पुन्हा काही उगवणार नाही, आणि पुढच्या सगळ्या दातांची मांडणी तिच्या आधाराने व्हायची असते. तिच्या माथ्यावर खोल, अरुंद खाचा असतात. पूर्ण वर यायला तिला काही महिने लागतात. तोवर ती शेजारच्या दाढेपेक्षा खालीच राहते, तिथे अन्न साचतं, आणि सहा वर्षांच्या मुलाच्या हातातला ब्रश तिथवर पोहोचत नाही.

ग्रामीण रुग्णालयात दंतचिकित्सक म्हणून काम करताना ही दाढ मी बहुतेक वेळा उशिराच पाहिली. दहा-अकरा वर्षांची मुलगी गालाला हात लावून येते. आईने दाढेत लवंग दाबून दिलेली असते, गाल सुजलेला असतो, रात्रभर घरात कुणी झोपलेलं नसतं. आई म्हणते, ‘‘काढून टाका डॉक्टर, दुधाचीच आहे, नवीन येईल.’’ मग सांगावं लागतं, ‘‘ताई, ही कायमची आहे.’’ चार वर्षांपूर्वी या दाढेच्या खाचा भरून घेतल्या असत्या तर काही मिनिटांचं काम होतं. सुई लागली नसती, मशीन लागलं नसतं. आता रूट कॅनाल करून वर कॅप बसवायची, नाहीतर दाढ काढायची. रूट कॅनालची सोय जवळ नसते, खासगी दवाखान्यात ते परवडत नाही, म्हणून मग जन्मभर पुरायची ती दाढ अकराव्या वर्षी काढली जाते. अशा दाढा मी स्वतः काढल्या आहेत.

गरीब घरातल्या मुलाच्या दातांवर सार्वजनिक पैसा खर्च व्हावा का, किती व्हावा, आणि तो कुठवर पोहोचला म्हणजे खर्च झाला असं म्हणायचं, हे या पुस्तकाचे प्रश्न आहेत. पहिल्या दोन प्रश्नांवर पुढच्या प्रकरणांत भरपूर आकडेमोड आहे. मला तिसऱ्याविषयी बोलायचं आहे. आपल्याकडे मुलाचा दात पाहण्यासाठी पैसा आहे, किडलेला दात नोंदवहीत लिहिण्यासाठी पैसा आहे. नोंदवहीतून निघून दातापर्यंत जाणाऱ्या वाटेवर मात्र पैसा नाही. माझ्या अनुभवात मुलं हरवतात ती याच वाटेवर.

आधी आजाराविषयी थोडं. दातात खरोखरचा किडा असतो असं अजूनही अनेक घरांत मानलं जातं, आणि तो किडा काढून दाखवणारी माणसं जत्रांमध्ये, बाजारांत बसलेली आढळतात. प्रत्यक्षात घडतं ते असं. दातावरच्या चिकट थरात जिवाणू राहतात. साखर मिळाली की ते आम्ल तयार करतात. तोंडातला पीएच साधारण साडेपाचाच्या खाली गेला की दाताच्या कवचातली खनिजं विरघळू लागतात. लाळ हे नुकसान भरून काढते, पण तिला वेळ द्यावा लागतो. सकाळी गोड चहाबरोबर बिस्किटं, शाळेच्या वाटेवर गोळ्या, दुपारी पुन्हा पाच रुपयांचा पुडा असं दिवसभर चालू राहिलं तर तो वेळ लाळेला मिळत नाही. यात आईला दोष देणाऱ्यांनी पहाटे कामावर निघणाऱ्या बाईचं घर एकदा पाहावं. मुलाच्या हातात पाच रुपये ठेवून ती बाहेर पडते, आणि तेवढ्यात गावच्या टपरीवर पोट भरल्यासारखं वाटेल असं जे मिळतं, ते गोडच असतं.

दुधाच्या दातांचं कवच पातळ, आतली नस मोठी. त्यामुळे कीड नसेपर्यंत झपाट्याने जाते, मुळाशी पू होतो, हिरडीवर पुटकुळी येते. ‘दुधाचे दात काय, पडायचेच आहेत’ हे वाक्य मी आयांकडून ऐकलं, आज्यांकडून ऐकलं, आणि दुर्दैवाने डॉक्टरांकडूनही ऐकलं. दुधाच्या मागच्या दाढा दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहायच्या असतात. चौथ्या वर्षी पोखरलेली दाढ पडायला अजून सहा-सात वर्षं असतात. तेवढी वर्षं ते मूल एका बाजूने चावतं, भाकरी चहात भिजवून खातं, शेंगदाणे, हरभरे, काकडी यांना हात लावत नाही. कुपोषणाचा प्रश्न मोठा असताना दातांचं काय घेऊन बसलात, असं म्हणणाऱ्यांना मी हेच सांगतो, की ताटात आलेलं चावता येत नसेल तर ते अंगी कसं लागणार? तीव्र दंतक्षय आणि कमी वजन एकत्र आढळल्याचं अनेक देशांतल्या अभ्यासांनी नोंदवलं आहे. रोज दुखणारं मूल दुखतंय असं सांगतही नाही, कारण दुखत नसताना कसं वाटतं हे त्याला आठवत नाही. वर्गात ते गप्प बसतं, आणि गुरुजींना वाटतं की त्याचं लक्ष नाही.

आपल्याकडे या दुखण्याला आणखी एक वळण आहे, त्यावर फारसं बोललं जात नाही. दाढ ठणकायला लागली की घरातली मोठी बाई मुलीच्या बोटावर मिशरी देते. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड थोडी बधिरता आणते, ठणका कमी वाटतो. चार दिवसांनी दाढ शांत होते, पण मिशरी सुटत नाही. तंबाखूमुक्तीच्या फलकांवर जितका खर्च होतो, त्यातला थोडा मुलींच्या दाढांवर झाला असता तर काही जणी त्या पुडीपर्यंत पोहोचल्याच नसत्या, असं माझं ठाम मत आहे.

आजार किती पसरलेला आहे? भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ५ वर्षांच्या ५१.९ टक्के, १२ वर्षांच्या ५३.८ टक्के आणि १५ वर्षांच्या ६३.१ टक्के मुलांमध्ये दंतक्षय आढळला होता. हे आकडे जुने आहेत. मुलांच्या खाण्यात पुड्यांतले पदार्थ वाढण्यापूर्वीचे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात दुधाचे दात किडलेली सुमारे ५१ कोटी ४० लाख मुलं आहेत. लहान मुलांच्या दीर्घकालीन आजारांत याहून अधिक पसरलेला आणि याहून सहज टाळता येणारा आजार शोधावा लागेल.

आता पैशाचं. रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी २०२५-२६ साली दिवसाला ३१२ रुपये होती. तालुक्याच्या गावी खासगी दवाखान्यात एक दाढ भरायला काही शे रुपये लागतात, नसेपर्यंत गेली तर काही हजार. सोबत जाण्या-येण्याचं भाडं आणि आईचा बुडालेला रोज. किडलेल्या दाढा एकच असतात असंही नाही. आरोग्य विम्याच्या सरकारी योजना इथे कामाला येत नाहीत, याचं कारण त्यांच्या रचनेत आहे. प्रधानमंत्री जन आरोग्य योजना आणि आपली महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना मोठ्या, दवाखान्यात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहेत. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे, आणि हृदयाच्या, कर्करोगाच्या रुग्णांना त्याचा आधार मिळतो, हे मी मुद्दाम नोंदवतो. पण दाढ भरायला कुणी दाखल होत नाही. मूल खुर्चीत बसतं, अर्ध्या तासात उठून घरी जातं. जबड्याचं हाड मोडलं तर योजना आहे. किडलेल्या दाढेसाठी, ती स्वस्तात वाचते म्हणूनच, योजना नाही.

मुलांसाठी मात्र एक कार्यक्रम आहे आणि त्याची सुरुवात आपल्याच मातीत झाली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला झाला. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होतं. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी, ३० आजार आणि व्यंगं आधीच हेरणं, आणि सापडलेल्या मुलावर मोफत उपचार असं त्याचं स्वरूप आहे. त्या ३० मध्ये दातांचे आजार आहेत. फिरत्या पथकात आयुष शाखेचे दोन डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असतो. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी आणि अनुदानित शाळांत एकदा हे पथक जातं. जन्मजात हृदयदोष, दुभंगलेले ओठ, तिरळे डोळे यांसाठी या कार्यक्रमाने जे केलं ते मोठं आहे. ज्या मुलांना पूर्वी कुणी पाहिलंच नसतं, त्यांची ऑपरेशनं झाली.

दातांच्या बाबतीत काय होतं, ते शाळेच्या व्हरांड्यात उभं राहून पाहिलं की कळतं. मुलं रांगेत उभी. वजन, उंची, डोळे, कान, त्वचा, मग ‘आ कर’. डॉक्टर बॅटरीचा झोत टाकतात, जीभ दाबतात, काही सेकंदांत तोंड पाहून होतं. पथकात दंतवैद्य नाही, आरसा आणि सळई बहुधा नसते. काळी पडलेली, खड्डा झालेली दाढ दिसते. खाचेत सुरू झालेली कीड, जी याच वेळी थांबवता आली असती, ती दिसत नाही. नोंदवहीत ‘दंतक्षय’ लिहिलं जातं आणि मुलाच्या हातात चिठ्ठी येते, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दाखवा म्हणून. पथकातले डॉक्टर मनापासून काम करतात. दिवसाला एवढी तोंडं पाहायची असताना त्यांनी आणखी काय करावं, हा प्रश्न त्यांना विचारणं अन्यायाचं आहे.

मग ती चिठ्ठी दप्तरात जाते. संध्याकाळी आईला सापडली तर सापडली. सापडली तरी त्यावर लिहिलेलं गाव एसटीने दीड-दोन तासांवर. प्राथमिक आरोग्य केंद्रात सहसा दंतवैद्य नसतो, म्हणून तालुक्याला जायचं. मूल आज रडत नाही, आणि रोज बुडतो. त्यातूनही एखादी आई येते. त्या दिवशी दंतवैद्य शिबिराला गेलेला असतो, किंवा खुर्चीचा कॉम्प्रेसर बंद असतो, किंवा दाढ भरायचं साहित्य संपलेलं असतं आणि मागणीपत्र वर गेलेलं असतं. ‘‘पुढच्या आठवड्यात या’’ असं सांगितलं जातं. पुढच्या आठवड्यात ती येत नाही. तिने का यावं? पण कागदावर पाहिलं तर सगळं नीट दिसतं. तपासणी झाली, आजार सापडला, संदर्भ सेवा दिली. पैसा खर्ची पडला, आणि दाढ जशी होती तशीच आहे.

ऊसतोडीच्या कुटुंबांचा हिशेब याहूनही वेगळा आहे. दिवाळीच्या आगेमागे बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात, त्या मार्च-एप्रिलच्या सुमारास परततात. हंगामी वसतिगृहात राहिलेली मुलं निदान शाळेत सापडतात. आईवडिलांबरोबर कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, गेलेली मुलं त्या महिन्यांत कोणत्याच शाळेच्या रांगेत नसतात. वर्षातून एकदा येणारं पथक नेमकं तेव्हा आलं, तर त्या मुलाचं तोंड त्या वर्षी कुणीही पाहत नाही.

पैसा आहे, हक्क आहे, तरी उपचार नाही, ही गोष्ट आपल्यापुरतीच असती तर मी तिला आपल्या व्यवस्थेची सवय म्हणून सोडून दिलं असतं. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशाने तिची किंमत एका मुलाच्या जिवाने मोजली. अमेरिकेत गरिबांसाठीची मेडिकेड योजना १९६५ साली आली आणि १९६७ पासून त्यात मुलांच्या तपासणी-उपचाराची स्वतंत्र तरतूद झाली. दातांची काळजीही तिच्यात येते. म्हणजे गरीब मुलाला दंतोपचार मिळणं हा तिथे कायद्याने दिलेला हक्क. तरीही २५ फेब्रुवारी २००७ रोजी मेरीलँड राज्यात डेमॉन्टे ड्रायव्हर नावाचा १२ वर्षांचा मुलगा किडलेल्या दाढेमुळे मेला. जानेवारीत त्याचं डोकं दुखायला लागलं. दाढेच्या मुळाशी झालेला संसर्ग मेंदूपर्यंत गेला होता. मेंदूवर दोन शस्त्रक्रिया झाल्या, काही आठवडे तो रुग्णालयात होता. दाढ वेळेवर काढायला साधारण ८० डॉलर लागले असते. त्याला वाचवण्याच्या प्रयत्नांचा खर्च अडीच लाख डॉलरच्या घरात गेला.

त्याची आई निष्काळजी होती असं कुणी म्हणू नये. ती त्या वेळी त्याच्या धाकट्या भावासाठी दंतवैद्य शोधत होती, कारण दुखणं त्याचं जास्त होतं. मेडिकेडचे रुग्ण घेणारा दंतवैद्य मिळवायला मदतीला आलेल्या लोकांनाही फोनवर फोन करावे लागले. योजनेतून मिळणारा मोबदला कमी, कागदपत्रं फार, म्हणून बहुतेक दंतवैद्य ते रुग्ण घेतच नसत. कुटुंबाचं राहण्याचं ठिकाण बदलत गेलं. मेडिकेड चालू ठेवण्याचे कागद जुन्या पत्त्यावर, बेघरांच्या निवाऱ्यात गेले असावेत आणि त्यामुळे मुलांचं संरक्षणच खंडित झालं असावं, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं. वॉशिंग्टन पोस्टच्या पत्रकार मेरी ऑटो यांनी ही हकीकत देशापुढे आणली आणि पुढे अमेरिकेतल्या दातांच्या विषमतेवर पुस्तक लिहिलं. कागद जुन्या पत्त्यावर जाणं आणि चिठ्ठी दप्तरात राहणं यांत मला फार अंतर वाटत नाही.

त्यानंतर मेरीलँडने जे केलं ते शिकण्यासारखं आहे. नुसती निधीत वाढ करून ते थांबले नाहीत. दंतवैद्यांना मिळणारा मोबदला वाढवला. अनेक कंपन्यांचा गोंधळ काढून २००९ मध्ये मुलांच्या दंतोपचारांचं सगळं व्यवस्थापन एका ठिकाणी आणलं. लसीकरणाला येणाऱ्या बाळाच्या दातांना बालरोगाचा डॉक्टर फ्लोराइडचा लेप लावत असेल, तर त्यालाही पैसे मिळतील अशी सोय केली. शाळांपर्यंत जाणारं फिरतं दंत पथक डेमॉन्टेच्या नावाने सुरू झालं. केंद्रीय पातळीवर २००९ मध्ये मेडिकेडच्या थोडं वरच्या उत्पन्नगटातल्या मुलांच्या विमा योजनेत दंतोपचार सक्तीचे झाले. प्रत्येक दुरुस्ती अशा एका जागी आहे, जिथे मूल वाटेत गळत होतं.

स्कॉटलंडविषयी थोडक्यात, कारण पुढे एक अख्खं प्रकरण आहे. तिथल्या बालवाड्यांत मुलं रोज बाईंच्या देखरेखीखाली फ्लोराइडच्या पेस्टने दात घासतात. ब्रश-पेस्ट सरकार देतं. गरीब वस्त्यांतल्या शाळांत वर्षातून दोनदा फ्लोराइडचा लेप लावला जातो. ‘चाइल्डस्माइल’ नावाने हे काम २००६ पासून एका छत्राखाली आलं. ५ वर्षांच्या मुलांच्या दंतोपचारांचा अंदाजे खर्च २००१-०२ मध्ये ८७ लाख पौंडांहून अधिक होता, तो २००९-१० मध्ये ४० लाखांच्या आसपास आला. पहिलीच्या वयाच्या मुलांत कीड न दिसणाऱ्यांचं प्रमाण २००३ च्या सुमारास निम्म्याहून कमी होतं, ते २०२० पर्यंत ७३ टक्क्यांवर गेलं. गरीब आणि श्रीमंत वस्त्यांमधलं अंतर मात्र तिथेही संपलेलं नाही, हे विसरता येत नाही.

खुर्ची, कॉम्प्रेसर, ड्रिल हे सगळं पाड्यावर कसं न्यायचं, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. नेण्याची गरज कमी झाली आहे, आणि ही गेल्या काही वर्षांतली सर्वांत आशादायक गोष्ट आहे. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचं एक द्रावण आहे. किडलेल्या खड्ड्यावर छोट्या ब्रशने लावलं की कीड बहुतेक वेळा तिथेच थांबते. सुई नाही, वीज नाही. एका थेंबात चार-पाच खड्डे होतात. ग्लास आयोनोमर नावाचं सिमेंट हाताच्या अवजारांनी भरता येतं. ती पद्धत १९८० च्या दशकात टांझानियात, वीज नसलेल्या गावांसाठीच घडवली गेली. फ्लोराइड टूथपेस्ट, हे द्रावण आणि हे सिमेंट, तिन्ही २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आली. न्यूयॉर्कच्या शाळांत गरीब घरांतल्या हजारो मुलांवर झालेल्या अभ्यासात या द्रावणाने खाचा भरण्याइतकंच चांगलं काम केलं. शाळेतल्या परिचारिकांनी लावलं तरी परिणाम डेंटल हायजिनिस्टच्या तोडीचा राहिला.

द्रावणाने कीड लागलेला भाग कायमचा काळा होतो, हे आईला आधी सांगावंच लागतं. मागच्या दाढेवर तिची हरकत नसते. मुलीच्या पुढच्या दातावर असते, आणि ती रास्त आहे. तिथे दुसरा उपाय करावा. फ्लोराइडची भीतीही मला ऐकू येते, विशेषतः यवतमाळ-चंद्रपूरकडून. तिथल्या काही गावांत पाण्यातच फ्लोराइड मर्यादेपेक्षा जास्त आहे आणि मुलांचे दात पिवळे-तपकिरी झालेले आहेत. तिथे पहिली गरज शुद्ध पाण्याची. पण रोज लिटर-लिटर पाण्यातून पोटात जाणारं फ्लोराइड आणि वर्षातून दोनदा दातावर लावलेला थेंब यांची गल्लत करू नये. तीन वर्षांच्या आतल्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, त्यानंतर वाटाण्याएवढी, आणि घासून झाल्यावर थुंकायला शिकवायचं, एवढं पाळलं की पुरतं.

मग महाराष्ट्रात काय करता येईल? माझं उत्तर आश्रमशाळांपासून सुरू होतं. राज्यात आदिवासी विकास विभागाच्या सुमारे ५०० शासकीय आश्रमशाळा आहेत. तिथली मुलं वर्षातले बहुतेक महिने शाळेतच राहतात, जेवतात, झोपतात. तिथे पालकांना निष्काळजी म्हणायची सोय नाही, कारण पालक शासनच आहे. रात्रीच्या जेवणानंतर अधीक्षकांसमोर सगळ्यांनी दात घासायचे. त्याला ब्रश, पेस्ट आणि नळ लागतो. पहिलीत सहाव्या वर्षीच्या दाढेच्या खाचा भरायच्या, बारा वर्षांच्या आसपास दुसरी कायमची दाढ येते तेव्हा तिच्याही. वर्षातून दोनदा द्रावणाची फेरी. पथकात एक दंतवैद्य घातला तर हे सगळं शाळेच्या व्हरांड्यातच होतं आणि चिठ्ठी फार थोड्यांना द्यावी लागते. दंतवैद्य मिळत नाहीत, असं म्हणता येणार नाही. देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालयं आहेत. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरची शासकीय महाविद्यालयं आहेत, मुंबई महापालिकेचं नायर आहे. तिथून दरवर्षी बाहेर पडणारी मुलं-मुली शहरात एकमेकांच्या शेजारी पाट्या लावून बसतात. कमतरता भरलेल्या पदांची आहे, माणसांची नाही.

आयुष्मान भारतच्या उपकेंद्रांवर द्यायच्या बारा सेवांमध्ये मुखआरोग्य आहे. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी नेमलेले आहेत. त्यांना द्रावण लावायचं प्रशिक्षण आणि नियमात स्पष्ट मुभा दिली तर पाड्यावरच्या मुलाला तालुका गाठावा लागणार नाही. यावर माझ्याच व्यवसायातल्या मित्रांची नाराजी मी ओढवून घेतली आहे. दंतोपचार दंतवैद्यानेच करावेत, हे त्यांचं म्हणणं शहरात पटतं. ज्या गावात दंतवैद्य कधी जाणारच नाही, तिथल्या मुलाला ते काय सांगणार आहेत?

आणि मोजमाप बदलायला हवं. कार्यक्रमाचं यश किती मुलं तपासली यावर मोजलं जातं, तोवर पैसा बॅटरीच्या झोतापर्यंतच जाईल. किडलेली म्हणून नोंदलेल्या दाढांपैकी किती भरल्या, किती थांबवल्या, किती काढाव्या लागल्या, हे आकडे तालुकानिहाय जाहीर झाले की साहित्य संपलेलं असणं आपोआप कुणाच्या तरी डोळ्यावर येईल.

हे पुस्तक अंगणवाडी ताई, आशा, शिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांसाठी आहे, म्हणून शेवटचं त्यांच्याशीच बोलतो. शिक्षण हक्क कायद्याने समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. पथक येऊन गेल्यानंतरच्या बैठकीत यादी मागा. कोणत्या मुलांना दातांसाठी चिठ्ठी दिली ते पाहा, आणि महिनाभराने त्यातली किती जाऊन आली ते विचारा. सगळ्यांना एकाच दिवशी एका गाडीतून नेता येतं. रुग्णालयाला आधी कळवलं तर दंतवैद्य आणि साहित्य तयार ठेवता येतं. रुग्ण कल्याण समितीकडे साहित्याची मागणी लेखी द्या. पेसा कायदा लागू असलेल्या आदिवासी क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी थेट मिळतो आणि तो आरोग्य-शिक्षणावर खर्च करता येतो. अंगणवाडीतल्या पंचवीस मुलांचे वर्षभराचे ब्रश आणि पेस्ट त्यात बसतात. ठराव ग्रामसभेत मांडायचा आहे. त्याचा मसुदा शेवटच्या प्रकरणात दिला आहे, गावाचं नाव घालून तसाच वापरा.